आजीचं नाव सांगा, मासा न्या

आमच्या लाखनीत हायवेच्या कडेला मासळी विकणारे नथ्थूभाऊ भाव सांगण्याआधी गिऱ्हाईकाला त्याच्या आजीचं माहेरचं नाव विचारतात. गिऱ्हाईक गोंधळलं, की विळीपुढचा रोहू बाजूला सारतात आणि म्हणतात, "आजीचं नाव नाही मालूम, अन् मासा पाह्यजे!"

मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मलाही सांगता आलं नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो, हे त्यांनी आधीच काढून घेतलं होतं. "गुरुजी, राजाच्या सात पिढ्या पाठ, अन् घरच्या बुढीचा पत्ता नाही?" मागची माणसं हसली. रिकामी पिशवी घेऊन घरी आलो आणि आईला फोन लावला. आईने थोरल्या आत्याला लावला. संध्याकाळी कळलं, की जिच्या नुसत्या खाकरण्याने घर चिडीचूप व्हायचं, त्या माझ्या आजीचं लग्नाआधीचं नाव चिमणी होतं! मला इतकी मजा वाटली, की रोहूचं दुःख विसरलो. तो दुसऱ्या दिवशी मिळाला.

नाव मिळालं, की नथ्थूभाऊ हात पुसून वहीत लिहितात. नाव, गाव आणि त्या बाईची एखादी गोष्ट. कोणाची आजी चिंचेवर चढायची, कोणाची बैलाशी भांडायची. अशा अकरा वह्या झाल्यात आणि अकराही मासळीच्या वासाच्या. त्यांची बायको म्हणते, "ह्या वह्या मांजरंच वाचतीन."

एकदा मी विचारलंच, "नथ्थूभाऊ, हे सारं कायले?"

"मी सा महिन्याचा असतानी माय गेली," ते म्हणाले. "लग्नात तिचं नाव बदलवून सरस्वती ठेवलं. पन बाप तिले 'अवो' म्हने, गाव 'नथ्थूची माय' म्हने. माहेर दिघोरीचं. तिकडचे लोक कधीचेच गाव सोडून गेले. तिचं पयलं नाव मले कोनी सांगतलंच नाही. माह्यावानी कोनाच्या नातवाले फिरा लागू नये, गुरुजी." आणि लगेच पुढच्या गिऱ्हाईकावर ओरडले.

मागच्या महिन्यात मी तिथेच उभा असताना नव्वदीची एक म्हातारी लेकीचा हात धरून आली. नेहमीचा प्रश्न झाला. तिने आजीचं नाव तर सांगितलंच, वर ठसक्यात म्हणाली, "दिघोरीची आहो मी."

नथ्थूभाऊंच्या हातातला मासा टोपलीत पडला. आईच्या बापाचं नाव तेवढं त्यांना ठाऊक होतं. ते त्यांनी घाबरत घाबरत सांगितलं आणि त्याच्या पोरीबद्दल विचारलं.

"त्याची पोरगी? थे तं आमची फुला!" म्हातारी म्हणाली. "कमळकांदे काढाले तलावात अशी खोल जाये, का आमी काठावर रडो. अन् हे बाहीर येऊन दात काढे!"

मी वही पुढे केली. नथ्थूभाऊंनी ती घेतली नाही.

"मावशी, तुमी तिले हाक कशी मारत होत्या? एक बार मारून दाखवा ना."

म्हातारीने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ट्रकांच्या आवाजावरून पार दिघोरीच्या तलावापर्यंत जाईल अशी हाक मारली, "ए फुलाऽऽ!"

सत्तरीच्या नथ्थूभाऊंचे डोळे वाहत होते. म्हातारीकडे बघत ते हळूच म्हणाले, "ओ."