बुटीक हॉटेलात भुलाबाईचा डबा

बालाघाट जिल्ह्यात गुप्तहेर म्हणावा असा एकच माणूस आहे. नम्रपणा आड येतो म्हणून त्याचं नाव मी दुसऱ्या नाही, तिसऱ्या वाक्यात सांगतो. शालिकराम मेंढे. नजर घारीची, कान सशाचे, चाल मांजराची; उरलेला भाग, घरच्यांच्या मते, आडनावाप्रमाणे. तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, पण ते जगाला दाखवायला. खरा धंदा तपासाचा. हट्ट्याच्या चैतरामची बकरी हरवली तेव्हा मी तिथल्या बावडीच्या पायऱ्यांवर तीन दिवस दबा धरून बसलो होतो. चौथ्या दिवशी बकरी आपली आपण घरी आली. ती माझ्या दबावामुळे आली असं मी मानतो. बकरीने अजून इन्कार केलेला नाही.

माझ्या कार्डावर खाली बारीक अक्षरात 'सहायक : सौ. साधना मेंढे' असंही आहे. कार्ड माझ्याच दुकानात छापल्यामुळे साधनेला विचारायची गरज पडली नाही.

तर ही साधना भुलाबाईची गाणी म्हणते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या अंगणात वॉर्डातल्या पोरी जमतात. त्या हिंदीत भांडतात, हिंदीत परीक्षा देतात, पण तो एक महिना साधनेच्या मागे मराठीत गातात. गाणी संपली की खाऊ. पण खाऊ असा सहजी मिळत नाही. बंद डबा कानाशी हलवायचा आणि आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. पोरी पटकन ओळखतात. मी तेवीस वर्षं ओसरीवरून ओरडतोय, आणि तेवीस वर्षं चुकतोय. एकदा शेंगदाण्यांना मी 'शिरा' म्हटलं होतं.

आमच्या लेकीनं, श्रुतिकाने एक गाणं मोबाईलवर टिपून कुठंतरी टाकलं आणि मुंबईहून प्रियंका नावाच्या बाईंचा फोन आला. काळा घोडा भागात त्यांचा कलामहोत्सव होता. एक संध्याकाळ साधनेची. येणंजाणं त्यांचं आणि राहायला बुटीक हॉटेल.

आमच्याकडे बुटीक म्हणजे ब्लाऊज शिवायचं दुकान. म्हणून साधनेनं दोन साड्या फॉल-पिकोला बरोबर घेतल्या. तिसरी वस्तू तिनं स्वतःच्या मांडीवरून खाली ठेवली नाही. तिरोडीला, माहेरी, तिच्या आईच्या फळीवर असायचा तो ॲल्युमिनियमचा गोल डबा. झाकणाला पोचा. शेवटचं गाणं त्या डब्याशिवाय होत नाही. तोच ताल, तोच खाऊ, तोच शेवट.

"काय भरलं त्यात?" मी विचारलं.

"कोजागिरीले कधी सांगतलं? मंग मुंबईले काहून सांगू?"

गोंदियाहून गाडी दुपारी निघाली. जेवण झाल्यावर साधनेचा डोळा लागला. त्याआधी तिनं डबा पिशवीत घालून पिशवी माझ्या ताब्यात दिली होती. मी पहारा दिला. इतका मन लावून दिला, की रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

हॉटेल नऊ खोल्यांचं. खोल्यांना आकडे नव्हते, झाडांची नावं होती. आमची खोली 'पळस'.

"आपल्याकडचं झाड इथं भाड्यानं देऊन राह्यले," साधना म्हणाली.

खालच्या दालनात जात्यावर काच ठेवून चहाचं टेबल केलं होतं. सुपाच्या आत दिवे लावले होते. घरी जे माळ्यावर पडलेलं, ते इथं भिंतीवर चढलं होतं. आणि एक भिंत तर सबंध डब्यांची. ॲल्युमिनियमचे एकशे एक गोल डबे खणात आडवे बसवलेले, तळ बाहेर, झाकण आत. खाली पाटी : 'भूक'. काउंटरवरच्या खुशीनं आमच्या साड्या पाहून "वॉव, हँडलूम!" म्हटलं. फॉल मात्र कोणी लावून दिला नाही.

सकाळी आम्ही वस्ती हिंडलो. जुन्या दगडी इमारती, त्यांच्या पोटात चित्रांची दालनं, फुटपाथवर चित्रं मांडून बसलेली पोरं. एका दालनात भलं मोठं चित्र होतं, नुसतं पिवळं. बाकी काही नाही. मी शिक्का, सही, बोटांचे ठसे शोधत होतो. साधना उभी राहिली ती राहिलीच. मग तिनं हळूच चप्पल काढली.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"जवसाचं शेत नाही, मोहरीचं नाही, हळद नाही," ती म्हणाली. "पण लग्नाच्या आदल्या दिशी मले असंच वाटलंतं."

मी पुन्हा चित्राकडे पाहिलं. मग इकडंतिकडं पाहून मीही चप्पल काढली.

तिथून ती प्रियंकाबाईंबरोबर स्टेज पाहायला गेली. मी सुरक्षेच्या कारणास्तव खोलीवर परतलो. जरा वेळानं खोलीतला फोन वाजला. खुशी म्हणत होती, "सर, ब्रेकफास्ट दस मिनट में बंद होगा." मी धावत खाली गेलो. गुन्हा घडला तो यानंतर.

बारा वाजता साधनेनं पिशवी उघडली.

"श्रुतिकाचे बाबा, डबा कुठी आहे?"

"कोणता डबा?" पहिला प्रश्न नेहमी निरागस विचारावा, असा माझा नियम आहे.

"माह्या आईचा. पिशवीची चेन उघडीच आहे."

मी वही काढली. "त्यात काय होतं?"

"नाही सांगत. आता सांगतलं त संध्याकाळी लोकं काय ओळखतीन?"

फिर्यादीच माल सांगायला तयार नाही, अशी ही जगातली पहिली केस असावी. मी खोलीत चार फेऱ्या मारल्या आणि निष्कर्ष जाहीर केला. "चोराला पिशवी माहीत होती. त्याला खोलीत शिरता येत होतं. आणि त्याला गोडाची आवड होती."

"गोडाची काहून?" साधना म्हणाली. "मी कधी म्हणलं आत गोड आहे म्हणून?"

"तपासात प्रश्न मी विचारतो," मी म्हणालो, आणि घाईनं बाहेर पडलो.

संध्याकाळी पाच वाजता कार्यक्रम. डबा मिळायलाच हवा होता, आणि तो आधी माझ्या हाती यावा हे तपासाच्या दृष्टीनं फार गरजेचं होतं.

पहिला संशय प्रियंकाबाईंवर. त्या येता-जाता 'ऑथेंटिक, ऑथेंटिक' म्हणत होत्या. मी त्यांना कोपऱ्यात गाठून विचारलं, "तुम्हाला जुन्या वस्तू आवडतात ना?"

"खूप!" त्या म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा किती ऑथेंटिक आहात."

हा हल्ला अनपेक्षित होता. मी माघार घेतली. डबा हरवल्याचं कळताच त्यांनी बिचाऱ्यांनी स्वयंपाकघरातून चकचकीत स्टीलचा डबा आणवला. साधनेनं तो हातात घेतला, बोटानं वाजवला आणि परत दिला.

"चांगला आहे जी. पण यातून माह्या आईचा आवाज कसा येईन?" मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा कोणी माह्या नावानं बलावलं, आन् मी शेवट नसलेलं गाणं घेऊन उभी राहू?"

तिचे डोळे भरले होते. माझंही पोट भरून आलं. म्हणजे मन.

दुसरा संशयित खाली दालनात बाकावर बसला होता. धोतर, कोट, हातात छत्री. सकाळपासून हललेला नव्हता आणि डब्यांच्या भिंतीकडे एकटक पाहत होता. मी शेजारी बसून वीस मिनिटं त्याची उलटतपासणी केली. त्याने एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. 'मौन म्हणजे कबुली,' मी वहीत लिहिलं, आणि त्याचा खांदा धरला. खांदा गार होता.

"सर," खुशी काउंटरवरून म्हणाली, "वो फायबर का है."

"माहीत आहे," मी म्हणालो. "मी सराव करत होतो."

मग मी शास्त्रीय मार्ग धरला. आमच्या खोलीबाहेर सुतळीचं गोल कडं केलं आणि पुरावे मांडले : उघड्या चेनची पिशवी, माझी एक चप्पल, केळीचं साल आणि मधोमध रिकामी जागा, डब्याची. पुरावे पाहत उभा होतो तर पाचसहा माणसं जमली. एकाने फोटो काढला. गळ्यात लाकडी मण्यांची माळ घातलेल्या बाई बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. मग गहिवरून म्हणाल्या, "किती बोलतेय ही पोकळी! तुमचं मीडियम काय?"

"हिंदी मीडियम," मी म्हणालो. "आमच्या बालाघाटात सगळ्यांचंच."

त्यांनी ते लिहून घेतलं.

चार वाजता मी हरलो. दालनात येऊन डब्यांच्या भिंतीखालच्या सोफ्यावर पडलो. दबा धरता धरता डबा गेला होता. हॉटेलचं दार जुनं, सागवानी, वजनदार. कोणी आत आलं की धाडकन लागायचं आणि माझ्या डोक्यावर कुठंतरी खडखड व्हायची. एवढंच निरीक्षण उरलं होतं, तेही मी वहीत टिपलं : 'दार लागताच इमारत खडखडते. बांधकाम कच्चे.' असं चार वेळा लिहून झालं.

पाचव्यांदा दार उघडलं ते साधनेनं. नेसून तयार होती, जांभळी साडी, बिनफॉलची. दार मागे लागलं. धाड. खडखड.

ती जागच्या जागी थांबली.

"श्रुतिकाचे बाबा, दार लावा बरं पुन्हा."

"बांधकाम कच्चं आहे," मी सांगितलं.

"लावा म्हणलं ना!"

मी दार उघडून लावलं. ती डोळे मिटून भिंतीशी सरकली. पुन्हा लावलं. ती दोन पावलं डावीकडे गेली, कान वर केला. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तिनं टाचा उंचावून, न बघता, वरच्या रांगेतला एक डबा ओढून काढला. झाकणाला पोचा होता.

"हौ," ती डब्याला म्हणाली. "इथी येऊन बसला का रे?"

आवाज ऐकून खोल्या आवरणारे फकिराभाऊ धावत आले. पन्नाशीचा शांत माणूस. "ताई, तो मीच लावला," ते म्हणाले. "पळस खोलीत सापडला. पाहुणे फोटोसाठी भिंतीतले डबे काढून नेतात ना, तसंच वाटलं. एक खणही रिकामा होता, त्यातला डबा ठोकून सरळ करायला दिलाय."

"खोलीत कुठी होता जी?"

"टेबलावर. फोनच्या बाजूला."

"टेबलावर," साधना म्हणाली. "पिशवीत नाही."

मी जात्याकडे पाहू लागलो. जुनं, उत्तम जातं होतं.

तिनं डबा कानाशी धरून एकदा हलवला. "घरून निघालो तवा हा थप्प बोलत होता," ती म्हणाली. "आता खडखड बोलून राह्यला." आणि डबा पदराखाली घेऊन ती कार्यक्रमाला निघाली. एक शब्द जास्त बोलली नाही. तेवीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, साधना बोलत असली की भीती नसते.

महोत्सवाच्या दालनात स्टेजसमोर साठेक माणसं खाली बसली होती. साधना आधी घाबरली, मग पहिल्या गाण्यात आमचं अंगण शिरलं आणि ती आमच्या अंगणातल्यासारखीच गायला लागली. शेवटी तिनं डबा काढला. टाळी नाही, पेटी नाही, नुसता डबा.

*खुळखुळ वाजे, डबा माझा लाजे,*
*पोटातलं गुज कोणाले न सांगे.*
*हलवून पाह्य, कान लावून ऐक,*
*तुझ्या माहेराची आठवण एक.*

"सांगा, आत काय आहे?"

मुंबई ओरडायला लागली. पॉपकॉर्न! गोट्या! मणी! अक्रोड! मण्यांच्या माळेच्या बाईंनी डोळे मिटून 'काळ' असं सांगितलं. साधना प्रत्येकाला हसून मान हलवत होती.

"नाही ओळखलं त खाऊ नाही मिळत," ती म्हणाली. "डबा तसाच बंद घरी जाते."

लोकांचे चेहरे पडले. हीच ती शेवटाची जागा, जिच्यासाठी दुपारी तिचे डोळे भरले होते, आणि शेवट तर होत नव्हता. साधनेनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला उत्तर माहीत होतं. उत्तर दिलं तर तिचं गाणं पुरं होत होतं. माझं काय होणार तेही मला, इतक्या वर्षांत प्रथमच, अचूक कळलं होतं.

"मोहाचे लाडू!" मी ओरडलो. "तीळ घालून!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यात माझी पहिली केस सुटली होती.

साधना टाळ्या थांबेपर्यंत थांबली. मग माईकजवळ येऊन तिनं गोड आवाजात विचारलं, "किती आहेत?"

"सहा!" मी छाती काढून म्हणालो.

"बरोबर," ती म्हणाली. "मी अकरा भरलते."

मुंबईतली माणसं हसायला लागली तर फार वेळ हसतात, ही नवी माहिती. आरोपीने गाडीत पाच लाडू खाल्ले, सकाळी सहाव्यासाठी डबा पिशवीतून काढला, आणि न्याहारीच्या हाकेला तो टेबलावर टाकून पळाला, हे सगळं मी तिथंच उभ्याउभ्या कबूल केलं. लाडूंचा चुरा साठ तळहातांवर गेला. मोहफुलं पहिल्यांदा खाणाऱ्यांचे चेहरे साधना बघत होती, आणि मी तिचा. प्रियंकाबाई म्हणाल्या, शेवट अप्रतिम होता, तुम्ही दोघांनी किती दिवस बसवला? साधना म्हणाली, तेवीस वर्षं.

परतीच्या गाडीत मी कार्डांचा गठ्ठा काढला आणि पेनानं एकेका कार्डावर दुरुस्ती करू लागलो. वरचं नाव खाली, खालचं वर. सातआठ कार्डं झाली असतील. साधनेनं माझ्या कानाशी डबा हलवला.

खुळ.

"ओळखा."

मी मनापासून ऐकलं. या वेळी मला खरंच काही माहीत नव्हतं.

"बटन?" मी म्हणालो. "साडीची पिन?"

"हरले," ती म्हणाली आणि झाकण उघडलं.

आत अर्धा लाडू होता.