विनापरवानगी साफ झालेली जमीन

कोणतीही घाण काढायची, तर आधी ती कुणाची हे ठरवावं लागतं. नायजर नदीच्या मुखाशी, आमच्या गावात तेलाची वाहिनी फुटली, तेव्हा हे ठरवायला सफाई समिती नेमण्यात आली. समितीने कामात कसूर केली नाही. नऊ वर्षांत एकसष्ट बैठका झाल्या (पैकी दोन बैठकांत खिडकीतून खाडीकडे पाहण्यात आलं).

लेयिरा मावशीचं कसाव्याच्या कंदांचं शेत तोवर डांबरासारखं काळंच होतं. तिची भाची सिराले शाळेत विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "मावशी, तेल खाणारे जिवाणू या मातीत आहेतच. त्यांना तेलाचा माग लागतो. माग दाट होत गेला की सरळ पोहतात, विरळ झाला की कोलांटी मारून दिशा बदलतात." (समितीत ही पद्धत अद्याप लागू नाही.)

"मग इतकी वर्षं काय झोपलेत मेले?"

"नुसत्या तेलावर भागत नाही गं त्यांचं. हवा लागते, खत लागतं."

मावशीने कोंबडीखत कालवलं, दर आठवड्याला कुदळीने माती वरखाली केली. गाव हसलं. मीही हसलो. दीड वर्षाने तिथे उगू भाजीचा वेल वर आला. मावशी बांधावर बसून रडली.

समितीचे अध्यक्ष न्विबारीसाहेब तातडीने (सात महिन्यांत) आले.

"हे कुणी साफ केलं?"

"जिवाणूंनी, साहेब," मावशी म्हणाली.

"त्यांना नेमलं कुणी?"

"कुणी नाही. माग लागला, गेले."

"म्हणजे विनापरवानगी!"

निर्णय न्याय्यच होता. सफाई सुरू होण्याआधी पूर्ण होऊ शकत नाही. आणि अहवालात माती काळी असल्याने ती काळी असणं भाग होतं. शेजारच्या शेतातून तेलकट चिखलाच्या चाळीस टोपल्या आणल्या गेल्या. मावशी वेलापुढे हात पसरून उभी राहिली. "ओता, माझ्या अंगावर ओता!" तिला अदबीने (दोघांनी दंड धरून) बाजूला करण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुदळ घेऊन पुन्हा चिखलात उतरली. एकटीच.

टोपल्या ओतताना आम्ही दोनशे माणसं बांधापाशी उभी होतो. कुणी ब्र काढला नाही. तुम्ही म्हणाल, "आम्ही तिथे असतो तर नक्की बोललो असतो." घरी पोचल्यावर आम्हीही अगदी हेच म्हणालो.