दहा नंबरच्या सुया

आजींनी विणलेल्या स्वेटरवरून त्या काळात घरात काय काय घडलं हे आजोबांना डोळे मिटून सांगता आलं असतं. राग आला की आजींचे हात आवळून चालत आणि टाके गच्च बसत. डुलकी लागली की तेच टाके सैल पडत. नातवाच्या या स्वेटरची डावी बाही फळीसारखी ताठ होती, कारण ती विणली जात असताना आजोबांनी न विचारता नवा गालिचा घरी आणला होता. उजवी बाही दातांच्या डॉक्टरांकडे नंबर येईपर्यंत पेंगत विणलेली, त्यामुळे तिच्यात पैलवानाचाही दंड मावला असता. पाठ बँकेच्या रांगेत झाली आणि पोट एका लांबच्या नातेवाइकाकडे दुखवट्याला गेल्यावर.

"अगं, तिथे तरी सुया बाहेर काढू नकोस," आजोबा दबक्या आवाजात म्हणाले होते.

"मी कानांनी दुःख ऐकतेय. हात मोकळेच आहेत ना?"

आजोबांचे हात मात्र कधीच मोकळे नसत. एका मोठ्या कचेरीतून ते मुख्य कारकून म्हणून निवृत्त झाले होते. पूर्वी त्यांच्यासमोर लोक हात जोडून उभे राहत. आता ते स्वतः दोन्ही हात पसरून बसत, हातांवर लोकरीची लडी असे आणि समोर आजी गुंडा करत. नाक खाजलं तरी परवानगी घ्यावी लागे.

या सगळ्या खटाटोपामागे होत्या विहीणबाई, म्हणजे मुलीच्या सासूबाई. त्या मुलीच्याच घरी राहत. नातू भोपू, हे नाव त्याला आवाजावरून पडलं होतं, गेले दोन हिवाळे त्यांच्या 'हातच्या' नव्या स्वेटरमध्ये फोटोत चमकत होता. आजी चष्मा पुसून पुसून तो फोटो मोठा करून बघत. एक टाका इकडचा तिकडे नसे.

"बाई अगदी यंत्रासारखी विणते!" आजी दात-ओठ खात म्हणत.

मागच्या वर्षी आजींनी पाठवलेल्या स्वेटरबद्दल विहीणबाई फोनवर गोडपणे म्हणाल्या होत्या, "छानच आहे हो. आम्ही तो भोपूच्या अस्वलाला घातलाय." त्या दिवसापासून आजींना नीट झोप नव्हती. यंदा स्वतः जायचं, स्वतःच्या हाताने भोपूला स्वेटर घालायचा आणि विहीणबाईंच्या समोर घालायचा, एवढीच त्यांची आयुष्यातली उरलेली इच्छा होती.

स्वेटर झाला, फक्त गळा राहिला. तो विमानात होईल असा आजींचा हिशेब होता. विमानतळावर सामानाच्या बॅगा पुढे गेल्या आणि सुरक्षा तपासणीच्या बाईंनी आजींची पिशवी अडवली.

"या सुया आत नेता येणार नाहीत. टोकदार आहेत."

"टोक नसेल तर विणू कशाने? लाटण्याने?"

"आजी, नियम आहे. टोचणारी वस्तू चालत नाही."

"मग हे कसे चालले आत?" आजींनी आजोबांकडे बोट दाखवलं. "चाळीस वर्षं टोचून बोलतायत."

मागच्या रांगेतून सुस्कारे यायला लागले. सुया काढल्या तर गळ्याचे सगळे टाके उसवणार आणि महिन्यांची मेहनत पाण्यात जाणार. आजींनी चौफेर नजर फिरवली. ती फिरत फिरत आजोबांच्या बुटांवर येऊन थांबली, तसे आजोबांनी पाय मागे घेतले.

"अहो, नाडी काढा."

"कोणाची?"

"बुटाची! टोकाला कडक असते, टाक्यांतून पटकन जाईल."

डाव्या बुटाची तपकिरी नाडी एकेका टाक्यातून फिरली. आजींनी दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि सुया त्या बाईंच्या हवाली केल्या. स्वेटर वाचला, बूट मात्र गेला. दर चार पावलांना तो आजोबांच्या पायातून निसटून मागे राही. शेवटी ते डावा पाय फरफटत चालायला लागले. ते पाहून विमान कंपनीचा एक कनवाळू कर्मचारी चाकांची खुर्ची घेऊन धावत आला.

"मला काही झालेलं नाही!" आजोबा ओरडले.

"सगळे असंच म्हणतात," तो समजुतीने म्हणाला.

"बसा हो गुपचूप," आजी पुटपुटल्या. "आपल्याला आधी आत सोडतील."

उतरल्यावरही तशीच खुर्ची हजर होती. न्यायला आलेल्या मुलीने वडिलांना खुर्चीत पाहिलं आणि काही विचारायच्या आधी घरी फोन लावला. "बाबांचा पाय गेलाय!" एवढंच ती बोलली आणि रडायला लागली. खुलासा होईपर्यंत बातमी घरी पोचलेली होती.

घरी विहीणबाई गरम पाण्याची पिशवी, मलम आणि चार उशा घेऊन सज्ज होत्या. त्यांचे यजमान, म्हणजे व्याही, कोपऱ्यात वर्तमानपत्रामागे सुखाने बसले होते. आजोबांना त्यांचा नेहमीच हेवा वाटे. बायको इतकी विणते आणि यांचे हात कायम मोकळे!

गडबडीचा फायदा घेऊन आजींनी स्वेटर काढला आणि भोपूला चढवला. एक बाही आवळली, दुसरी लोंबली. पण गळ्याशी लटकणारी नाडी बघून भोपू जो खूष झाला! "माझ्या स्वेटरला बूट आहे!" अशी आरोळी ठोकत तो घरभर पळत सुटला.

"गळ्याला नाडी?" विहीणबाई म्हणाल्या. "आजींची नवी फॅशन दिसतेय."

"हो ना. सध्या हीच चालते," आजी म्हणाल्या.

"बघू, व्याहीबुवा, पाय बघू." असं म्हणत विहीणबाईंनी आजोबांचा डावा बूट उचलला. त्याला नाडी नव्हती. त्यांनी उजव्या बुटाकडे पाहिलं, मग भोपूच्या गळ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. आजोबांना वाटलं, संपलं सगळं. आता हाही स्वेटर अस्वलाला जाणार.

आजींचा चेहरा पडला, पण त्या कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "सुया काढून घेतल्या मेल्यांनी," त्या म्हणाल्या. "तुमच्या दहा नंबरच्या सुया द्या बघू, विहीणबाई. गळा आत्ता बसल्या बैठकीला पुरा करते."

विहीणबाईंचं हसू जागच्या जागी थिजलं.

"सुया? त्या... त्या नाहीयेत."

"मग नऊ नंबरच्या द्या. कुठल्याही चालतील."

"सगळ्याच दिल्यात," विहीणबाई म्हणाल्या. "धार लावायला."

मुलीला एकदम ठसका लागला आणि ती पाणी प्यायला आत पळाली. कोपऱ्यातलं वर्तमानपत्र गदगदा हलायला लागलं.

दोन वर्षांचे फोटो, ते यंत्रासारखे टाके, ते अस्वल, सगळ्याचा हिशेब आता आजींच्या तळहातावर आयता येऊन पडला होता. फक्त तोंड उघडायचा अवकाश होता.

आजींनी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून मलमाच्या डबीचं झाकण उगीच लावत-काढत होत्या.

"बरोबरच आहे," आजी म्हणाल्या. "बोथट सुयांनी लोकर तुटते. आमचा धारवाला तर मेला महिना महिना लावतो."

बायकोला असा सफाईदार खोटेपणा जमतो हे आजोबांना प्रथमच कळलं आणि गेल्या चाळीस वर्षांतल्या बऱ्याच गोष्टींबद्दल त्यांच्या मनात शंका आल्या. पण त्याच वेळी त्यांना तिचा अभिमानही वाटला. त्यांनी उजवा बूटही काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई बाजारातून आल्या. हातात सुयांचं कोरं करकरीत, न फोडलेलं पाकीट होतं.

"धार लावून मिळाल्या," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "बसायचं का जरा? पहिले टाके कसे घालायचे तेवढंच मी विसरलेय."

"होतं असं," आजी सरकून जागा करत म्हणाल्या. "लोकर आणलीत?"

"दोन लड्या आणल्यात."

आजोबांनी सवयीने हात पुढे केले. एक लडी त्यांच्या हातांवर आली. मग विहीणबाई कोपऱ्याकडे वळल्या.

"अहो, तो पेपर ठेवा खाली. हात पुढे करा. असे नाही, ताठ!"

दोघे व्याही समोरासमोर हात पसरून बसले. बायका टाके मोजण्यात गुंगल्या. भोपू नाडी नाचवत दोघांच्या मधून दोनदा धावून गेला. व्याहीबुवांनी पाठमोऱ्या पत्नीचा अंदाज घेतला आणि ते आजोबांच्या कानाशी वाकले.

"दोन वर्षं दुकानातून मी स्वतः स्वेटर आणत होतो," ते कळवळून म्हणाले. "किती सुखात होतो हो! आणि तुम्हाला साधी एक बुटाची नाडी सांभाळता आली नाही?"