स्टिअरिंग डावीकडेच आहे

चष्मेवाल्यांनी रिकामं ताट दोन्ही हातांनी धरलं, किंचित उजवीकडे वळवलं आणि समोर बघतच त्याच बाजूला बसलेल्या बायकोला विचारलं, "पुढे ट्रक आहे. बघ बरं, जाऊ का?"

"जा. ते ताट घासायला टाकून या," बायको म्हणाली.

आठवडाभर रात्रीच्या जेवणानंतर हा सराव चालला होता. चष्मेवाल्यांनी जुनी मोटार विकत घ्यायचं नक्की केलं होतं, आणि त्या मोटारीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. त्यांच्या शहरात झाडून सगळ्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे. डावीकडे बसून चालवणाऱ्याला पुढच्या ट्रकच्या पलीकडचं काही दिसत नाही, म्हणून उजवीकडच्या माणसाने डोकावून सांगायचं, आणि ते काम बायकोकडे आलं होतं. खरं म्हणजे घरातली लहान गाडी चालवायची तीच. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, रोज गाडी घेऊन जायची आणि गाडीला कधी ओरखडा येऊ द्यायची नाही. चष्मेवाल्यांचं चष्म्यांचं दुकान होतं; ते स्वतः स्टिअरिंगवर बसले की त्यांची नजर रस्त्यापेक्षा फुटपाथवरच्या माणसांच्या चष्म्यांच्या दांड्यांवर जास्त असायची.

पण शहरातल्या 'जुन्या मोटारींचं मंडळ' या संस्थेचे मात्र ते निष्ठावंत सभासद होते. दर रविवारी मंडळी एका हॉटेलच्या मागच्या खोलीत जमत. कोणी आपल्या गाडीच्या कार्बोरेटरबद्दल बोले, कोणी दिव्यांभोवतीच्या पितळी कड्यांबद्दल. चष्मेवाल्यांकडे जुनी गाडीच नव्हती. त्यामुळे इतकी वर्षं त्यांनी फक्त माना डोलवल्या होत्या आणि सगळ्यांचे चष्मे फुकट पुसून, स्क्रू आवळून दिले होते. अशा माणसाला एक दिवस वर्तमानपत्रात जाहिरात दिसते, फोटोतली चॉकलेटी रंगाची लांबनाकी मोटार मनात भरते, आणि काचेवरच्या उन्हामुळे आतलं काही दिसत नसलं तरी सहज म्हणून तो फोनवर विचारतो, की स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे.

फोनवर एक आजीबाई होत्या. त्या म्हणाल्या, "थांबा हं, बघते." खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "डावीकडे आहे."

"नक्की डावीकडे?"

"अहो, माझ्या डोळ्यांसमोर उभी आहे गाडी. डावीकडेच आहे."

चष्मेवाल्यांना रात्रभर झोप लागली नाही.

रविवारी त्यांनी मंडळात ही बातमी सांगितली आणि खोलीत प्रथमच त्यांच्याकडे सगळ्यांनी वळून पाहिलं. डावीकडचं स्टिअरिंग म्हणजे परदेशी पाठवायला काढलेली गाडी, अशा गाड्या कारखान्याने मोजक्याच काढल्या होत्या, आणि त्यातली एक चुकून मागे राहिली असणार, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याचं म्हणणं पडलं, की डावीकडच्या स्टिअरिंगची गाडी वळणावर जास्त घट्ट बसते. तिसऱ्याने ते खोडून काढलं. दोघं हमरीतुमरीवर आले, तेव्हा अध्यक्षांनी हात वर केला.

अध्यक्ष पूर्वी रेडिओवर बातम्या वाचत. आवाज असा, की त्यांनी नुसतं "मीठ कमी आहे" म्हटलं तरी ऐकणाऱ्याला ते देशभर जाहीर झाल्यासारखं वाटे. त्यांनी जाहिरातीतला फोटो डोळ्यांजवळ नेला, गाडीचा नंबर वाचला आणि फोटो खाली ठेवला.

"ही गाडी मी ओळखतो," ते म्हणाले. "माझ्या मामांची. पुढे त्यांनी विकली. या गाडीत डावीकडे बसून, खिडकीतून कोपर बाहेर काढून मी अख्खा घाट उतरलो आहे. स्टिअरिंग डावीकडे आहे, यात शंका नको."

झालं. शंका कोणालाच नव्हती, ती आता औषधालाही उरली नाही. मंडळाच्या मासिकाचा खास अंक काढायचं ठरलं. पुढच्या रविवारी सकाळी चष्मेवाल्यांच्या अंगणात चादर ओढून गाडीचं अनावरण करायचं, हेही ठरलं.

चष्मेवाले घरी आले ते डोक्यात बेत घेऊनच. त्यांचं गॅरेज चिंचोळं होतं. गाडी आत घातली की डाव्या भिंतीशी कपडे धुण्याचं यंत्र यायचं. आता उतरायचं डाव्या दाराने, म्हणजे डावी बाजू मोकळी हवी. त्यांनी नळवाल्याला बोलावून यंत्र उजव्या भिंतीशी हलवलं, पाइप फिरवून घेतले, भिंत थोडी फोडावी लागली तीही फोडली. डाव्या स्टिअरिंगचे फायदे त्यांनी नळवाल्याला सविस्तर समजावून सांगितले. नळवाल्याचे दोन्ही हात गुंतले होते, त्यामुळे त्याला उठून जाता आलं नाही.

"आधी गाडी तरी बघा," बायको म्हणाली.

"फोनवर दोनदा विचारलंय मी."

शनिवारी ते एकटेच बसने आजीबाईंच्या गावी गेले. गाडी घरासमोर झाडाखाली उभी होती, आणि फोटोपेक्षा कितीतरी देखणी होती. चष्मेवाल्यांनी दारावरून हात फिरवला. मग मोठ्या ऐटीत डावं दार उघडून आत बसले, दोन्ही हात पुढे केले, आणि त्यांच्या हाताला कागद ठेवायचा कप्पा लागला. कप्प्याचं झाकण उघडून त्यांच्या गुडघ्यावर पडलं. स्टिअरिंग त्यांच्या उजव्या हाताला, शेजारच्या जागेसमोर, अगदी जिथे सगळ्या शहराचं असतं तिथे होतं.

ते खाली उतरले आणि आजीबाईंना म्हणाले, "तुम्ही डावीकडे म्हणाला होतात."

आजीबाई त्यांना हाताला धरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी घेऊन गेल्या. गाडीचं नाक बरोबर खिडकीकडे होतं. समोरून पाहिलं तर काचेमागचं स्टिअरिंग डावीकडेच दिसत होतं.

"काय चुकलं माझं?" आजीबाईंनी विचारलं.

जन्मभर लोकांना डावा-उजवा डोळा झाकायला सांगणाऱ्या माणसाने आधी आपला डावा डोळा झाकून पाहिला, मग उजवा; स्टिअरिंग डावीकडेच राहिलं. गाडी नको म्हणावी असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण आजीबाईंनी इंजिन सुरू करून दाखवलं. ते असं गोड घुमलं, की चष्मेवाल्यांनी मुकाट्याने किल्ली घेतली.

वाटेत थांबून त्यांनी अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष फोनवरही बातमीपत्राच्या ओघातच बोलत. खास अंक छापून झाला, मुखपृष्ठावर 'डावखुरी राणी' असं ठळक अक्षरांत आलं, शेजारच्या शहरातल्या मंडळानेही अभिनंदन कळवलं, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. चष्मेवाले "पण एक गोष्ट" म्हणाले, तेव्हा अध्यक्ष "उद्या, सगळ्यांसमोर" म्हणाले आणि फोन बंद झाला.

घरी पोचल्यावर त्यांनी गाडी गॅरेजमध्ये घातली आणि उतरायला उजवं दार उघडलं. ते दोन बोटं उघडून कपडे धुण्याच्या यंत्रावर आपटलं. पोट आत घेऊन पाहिलं, पाय आधी बाहेर काढून पाहिला. शेवटी ते सीटवरून सरकत सरकत पलीकडे गेले, गिअरच्या दांड्याने मांडीला सणसणीत टोला दिला, आणि डाव्या दाराने बाहेर आले. नेमके त्याच वेळी शेजारचे विमा एजंट, म्हणजे मंडळाचे चिटणीस, कुंपणाशी उभे होते. त्यांना मोटारीचं नाक दिसत नव्हतं, फक्त मागची बाजू आणि डाव्या दारातून कण्हत उतरणारे चष्मेवाले दिसले. त्यांनी लगेच सगळ्या सभासदांना फोन करून सांगितलं, की आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, गाडी डावखुरीच आहे.

बायकोला खरा प्रकार कळला तेव्हा ती इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाली, "सांगून टाका सरळ. माणसं काय खाणार आहेत तुम्हाला?"

"खाणार नाहीत. पुन्हा चष्मे पुसायला देतील," चष्मेवाले म्हणाले.

यावर ती हसली नाही.

सकाळी चिंचोळ्या गॅरेजमधून गाडी तिनेच बाहेर काढली, अंगणात उभी केली आणि वर चादर घातली. मंडळी जमली. अध्यक्ष कोट घालून आले होते. सोबत मंडळाचे नेहमीचे मेकॅनिक होते, चिटणिसांच्या काखेत खास अंकाचा गठ्ठा होता. चष्मेवाले काही बोलायच्या आत अध्यक्षांनी चादर ओढली.

चिटणिसांनी हातातल्या अंकाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग अंक उलटा करून पुन्हा पाहिलं.

"माझीच चूक झाली," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी फोनपासून खिडकीपर्यंत सगळी हकीकत सांगितली. हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं, आणि वाटलंही, पण घटकाभरच. कारण अध्यक्षांनी मान हलवली.

"तुमची चूक नाही. कोणीतरी मागाहून स्टिअरिंग हलवलं आहे," ते म्हणाले.

मेकॅनिकने आत डोकं घातलं. डाव्या बाजूला, पायांच्या वरच्या पत्र्यात त्याला रबरी बूच बसवलेली भोकं सापडली. "इथे भोकं आहेत," तो म्हणाला. मग म्हणाला, की अशी भोकं कारखान्यातच पाडतात, एकच पत्रा डाव्या-उजव्या दोन्ही स्टिअरिंगच्या गाड्यांना चालावा म्हणून. त्याचं पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं आणि दुसरं कोणीच ऐकलं नाही. भोकं आहेत म्हणजे स्टिअरिंग तिथे होतं. आणि हलवलं असूनही कुठे सांधा दिसत नाही, म्हणजे काम करणारा असामान्य कारागीर असला पाहिजे. कौतुकाची नुसती लाट उसळली. चष्मेवाले प्रत्येकाला गाठून सांगत होते, की अहो, ते हललेलंच नाही, आणि प्रत्येक जण त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणत होता, वाईट वाटून घेऊ नका.

मग अध्यक्षांनी ठराव मांडला. गाडीला तिचं मूळ रूप परत द्यायचं, स्टिअरिंग पुन्हा डावीकडे न्यायचं, आणि ही भेट मंडळाकडून. हात भराभर वर झाले. चिटणिसांनी तर दोन्ही केले. मेकॅनिकने नाइलाजाने खिशातून खडू काढला, आत बसून लाकडी डॅशबोर्डवर डावीकडे एक मोठा गोल आखला आणि विचारलं, इथून कापू का. त्या तुकतुकीत लाकडावरचा पांढरा गोल पाहून चष्मेवाले पुढे धावले. ते दारासमोर हात पसरून उभे राहिले. गाडी माझी आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. पण तोंडातून 'आधी चहा घेऊ या' एवढंच निघालं.

एवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन आली. तिने पहिला कप अध्यक्षांना दिला आणि विचारलं, "काका, तुम्ही ह्या गाडीतून घाट उतरलात, तेव्हा केवढे होतात?"

"असेन दहा-अकरा वर्षांचा," अध्यक्ष म्हणाले. चेहरा एकदम उजळला. "सुट्टी लागली होती. कोपर बाहेर काढायला मला सीटवर गुडघे टेकून बसावं लागलं."

"आणि गाडी कोण चालवत होतं?"

अध्यक्षांनी कप तोंडाशी नेला होता, तो तिथेच थांबला. ते गाडीकडे बघत राहिले. आधी डाव्या सीटकडे, मग उजव्या. सगळं अंगण त्यांच्याकडे बघत होतं.

"मामा," ते म्हणाले. रेडिओचा आवाज नव्हता तो, अगदी घरातला होता. "मामा चालवत होते. माझ्या उजव्या हाताला बसून. शीळ वाजवत होते."

मेकॅनिकने बाहीने खडू पुसायला सुरुवात केली, आणि चिटणिसांनी अंकांचा गठ्ठा हळूच पाठीमागे नेला. अध्यक्ष स्वतःच हसले, आधी थोडं, मग खो खो, कपातला चहा बशीत सांडेपर्यंत.

"इतकी वर्षं सांगत आलो मी ही गोष्ट," ते म्हणाले. "मामांना त्यातून कधी उतरवलं, माझ्याही ध्यानात आलं नाही." मग चष्मेवाल्यांकडे वळून त्यांनी जरा संकोचत विचारलं, "एकदा बसू का? आपलं... माझ्या जागेवर?"

चष्मेवाल्यांनी लगबगीने डावं दार उघडलं. अध्यक्ष आत बसले, काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं. आता गुडघे टेकावे लागले नाहीत. चष्मेवाले पुढून वळसा घालून उजव्या दाराशी गेले, तर बायको आधीच स्टिअरिंगवर बसली होती. सकाळपासून किल्ली तिच्याकडेच होती, आणि इंजिनही सुरू झालं होतं.

"बसा मागे," ती म्हणाली. "काकांना नदीपर्यंत फिरवून आणू."

ते मागे बसले. मागच्या सीटच्या स्प्रिंगा पार बसलेल्या होत्या, त्यामुळे ते इतके खाली रुतले, की नाक जेमतेम खिडकीच्या कडेशी आलं. पुढे अध्यक्ष मामांच्या शिळेबद्दल सांगत होते, बायको हसत होती, आणि चॉकलेटी मोटार फाटकातून लोण्यासारखी बाहेर पडत होती. सगळं मंडळ फाटकाशी उभं राहून पुढच्या दोघांना हात हलवत होतं. चष्मेवाले कोणालाच दिसत नव्हते. तरी गाडीच्या मालकाला शोभेल अशा रुबाबात त्यांनीही सगळ्यांना हात केला.