हरकती आणि सूचना

कुरणेकाका आंब्याची पेटीसुद्धा हरकती आणि सूचना मागवल्याशिवाय उघडत नाहीत.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या मुलाने, अभयने, बर दुबईच्या बाजारातून हापूसची पेटी आणली. आम्ही समोरच्या फ्लॅटमधले, त्यामुळे आम्हालाही बोलावणं आलं. मी, माझा नवरा आणि शेजारचे खानभाई हात धुऊन ओळीने बसलो. काका उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "वाटपाचा मसुदा वाचून दाखवतो. ज्यांच्या हरकती असतील त्यांनी शेवटी मांडाव्यात." आणि खरंच वाचायला लागले! माझ्या नवऱ्याला शुगर आहे, म्हणून अर्धा. खानभाईंना दोन, कारण त्यांचं कुटुंब पेशावरला, आणि "एकटा माणूस स्वतःसाठी आंबे आणत नाही, हा अनुभव आहे." नातीला, म्हणजे रियाला, तीन. वास सुटला होता, तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि काकांचं चाललं होतं 'परिशिष्ट अ'.

"आणि काका, तुम्हाला किती?" मी विचारलं.

"वाटप करणाऱ्याने लाभार्थी व्हायचं नसतं," काका म्हणाले आणि सुरी धुवायला आत गेले.

काकांची सगळी नोकरी सांगलीकडच्या एका नगरपालिकेत, एकाच टेबलावर गेली. दिल्लीहून शहराच्या विकासासाठी निधी यायचा. त्यातून कोणत्या वॉर्डात गटार होणार, कुठे दवाखाना, कुठे बालवाडी, ही फाईल काकांच्या टेबलावरून पुढे सरकायची. आधी लोकांची सुनावणी, मग प्राधान्यक्रम, मग मंजुरी, आणि काम झालं की दिलेला पैसा दिलेल्या कामालाच लागला असं उपयोगिता प्रमाणपत्र. काकू गेल्या, अभयने काकांना दुबईला आणलं, इंटरनॅशनल सिटीत, आमच्या इमारतीत. टेबल मागे राहिलं. पद्धत मात्र काका बरोबर घेऊन आले.

त्यांचं एक वाक्य आमच्या मजल्यावर आता सगळ्यांना पाठ आहे: "मागणी वेगळी, गरज वेगळी." जो वॉर्ड ओरडतो त्याची मागणी असते, जो गप्प असतो त्याची गरज असते, असं त्यांचं शास्त्र. घरात हे शास्त्र जरा जास्तच चालतं. रियाने टॅब मागितला, "आजोबा, आय नीड इट!" की काका शांतपणे म्हणतात, "बाळ, ही मागणी झाली." सूनबाई मीनलने सकाळी घाईत विचारलं, "पप्पा, भाजी कुठली करू?" तर म्हणतात, "पर्याय काय काय आहेत ते आधी पटलावर येऊ दे." बिचारी ऑफिसला जाताना लिफ्टमध्ये माझ्याकडे नुसती बघते.

एकदा मी त्यांच्याकडून वाटीभर साखर नेली. शिरा करायचा होता. दुसऱ्या दिवशी दारात काका.

"शिरा कसा झाला?"

"अहो, रवाच संपला होता. मग लिंबू सरबत केलं."

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे निधी वळवलात!" पुढचे कितीतरी दिवस ते माझ्याशी फार जपून बोलत होते.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या लिफ्टमध्ये एक नोटीस लागली. इमारतीचे मालक रहिवाशांच्या सोयीसाठी दहा हजार दिरहम देणार होते. "म्हणजे अडीच लाखांच्या आसपास की हो!" माझ्या नवऱ्याने लिफ्टमध्येच हिशेब केला. अट अशी, की कोणतं एक काम करायचं ते रहिवाशांनी ठरवावं, त्यांच्या प्रतिनिधीने सही करून कळवावं, आणि वर्ष संपायच्या आत. नाहीतर पैसे परत मालकाकडे.

काकांनी ती नोटीस वाचली आणि त्या दिवसापासून त्यांची चालच बदलली. दोन वर्षं बाल्कनीत बसून ड्रॅगन मार्टकडे जाणाऱ्या बसगाड्यांच्या वेळापत्रकावर टीका करणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून मजलोमजली फिरायला लागला. प्रतिनिधी म्हणून ते बिनविरोध निवडून आले. निवडणूक आहे हे दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हतं.

पहिली जनसुनावणी शनिवारी संध्याकाळी त्यांच्याच हॉलमध्ये झाली. खुर्च्या घरोघरून मागवल्या. माझ्याकडच्या दोन घडीच्या गेल्या. काकांनी स्वतःच्या हाताने भडंग केलं होतं, लसूण आणि शेंगदाणे सढळ हाताने घालून. त्या भडंगाची कीर्ती पुढे तळमजल्यापर्यंत गेली.

बिजू नावाचा केरळचा तरुण आहे, चार-पाच जण मिळून एका फ्लॅटमध्ये राहतात. त्याला सायकलींसाठी स्टँड हवा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला जिम हवी होती. मी म्हटलं, लिफ्टमध्ये आरसा लावा.

"मागणी," काका माझ्याकडे न बघता म्हणाले.

खानभाई गप्प बसले होते. रोज सकाळी ते आपल्या गाडीतून लोकांना कामावर, अल क्वोजला सोडतात, मीही त्यातलीच एक. काकांनी मुद्दाम त्यांनाच विचारलं. खानभाई म्हणाले, "चाचाजी, जहाँ हम लोग गाडी का इंतजार करते हैं ना, वहाँ साया नहीं है. औरतें खडी रहती हैं, बच्चे स्कूल बस के लिए. गर्मी में बुरा हाल है."

"ही गरज!" काका ओरडले. कोपऱ्यात टॅबवर पेंगलेली रिया दचकून जागी झाली.

मग स्थळपाहणी झाली. ऑगस्टच्या भर दुपारी काका छत्री घेऊन त्या जागेवर जाऊन उभे राहिले, ऊन कुठून कुठे सरकतं ते बघायला. आमचा नातूर, म्हणजे इमारतीचा वॉचमन, घाबरून पाण्याची बाटली घेऊन धावला. "बाबाजी, अंदर आओ, मर जाओगे!" काका म्हणाले, "पाहणी अपूर्ण आहे."

दुसऱ्या सुनावणीत सगळ्यांचं एकमत झालं. छप्पर आणि खाली बाक. जिमवाल्या जोडप्यानेसुद्धा हात वर केला, भडंगाने तोंड भरलेलं असल्यामुळे. आता सही करायची आणि मोकळं व्हायचं, असं आम्हाला वाटलं.

तर नाही! तिसरी सुनावणी झाली, प्रारूप आराखड्यावर. चौथी, सुधारित प्रारूपावर. मग बाकाला पाठ असावी की नसावी यावर एक आख्खा शनिवार गेला. मग फेरविचार. खानभाई एकदा गाडीत मला म्हणाले, "मॅडम, ये छप्पर बन रहा है या डॅम?" पण शनिवारी सगळ्यात आधी येऊन पुढच्या खुर्चीवर बसायचेही तेच. बिजू त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते सांगायचा, ते काका 'इतर विषय' म्हणून घ्यायचे. दर सभेत काकांची एक गोष्ट ठरलेली. मार्च एंडच्या संध्याकाळी निधी परत जायची वेळ आली, तेव्हा काका कोषागाराच्या दारात आडवे पडले आणि बिल पास करून घेतलं. "माझ्या टेबलावरून एक रुपया दिल्लीला परत गेला नाही," असं म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची.

म्हणून डिसेंबरात मला धक्का बसला. इमारतीचा इजिप्शियन मॅनेजर हातेम याने मला लॉबीत गाठलं. बिचारा रडायच्या बेताला आला होता.

"मॅडम, युअर अंकल! धिस थर्सडे, खलास! नो साइन, मनी गो बॅक. आय टेल हिम, अंकल, यल्ला, साइन. ही सेज टु मी, इन्शाल्ला! हबीबती, टु मी! दॅट इज माय वर्ड!" एरवी इमारतीतली प्रत्येक दुरुस्ती 'इन्शाल्ला' म्हणून लांबणीवर टाकणारा हातेमच.

मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून अर्धी रजा काढली आणि तरातरा काकांकडे गेले. अभय-मीनल कामावर, रिया शाळेत. दार नुसतं लोटलेलं होतं. हॉलमध्ये खुर्च्या ओळीने मांडलेल्या, माझ्या दोन्ही पुढच्याच रांगेत. वार तर मंगळवार होता! काका फडक्याने एकेक खुर्ची पुसत होते. टीपॉयवर हातेमचा कागद, त्यावर पेन.

"काका, मार्च एंड आलाय आणि तुम्ही खुर्च्या पुसताय? तुमच्या हातून निधी परत जाणार? तुमच्या?"

काका खाली बसले. फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली.

"सही केली की काम मंजूर," ते म्हणाले. "काम मंजूर झालं की सुनावणी नाही. मग शनिवारी कोण येणार?"



"या मजल्यावर दिवसभर दार वाजतं ते कुरिअरवाल्याने वाजवलेलं. तेही समोरचं. पोरं चांगली आहेत हो माझी, तक्रार नाही. पण दमून येतात. रिया बोलते ते मला निम्मं कळत नाही. शनिवारी मात्र खानसाहेब येतात, बिजू येतो, तुम्ही भांडता." ते कसनुसं हसले. "जन्मभर लोकांना शिकवलं, मागणी वेगळी, गरज वेगळी. ही माझी मागणी आहे की गरज, तेच मला ठरवता येईना. म्हणून सही राहिली."

मला भरून आलं, आणि स्वतःचा रागही आला. रोज सकाळ-संध्याकाळ मी त्यांच्या दारावरून जात होते. पण तेव्हा रडून चालणार नव्हतं, गुरुवार दोन दिवसांवर होता.

"काका, माझी एक हरकत आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. "कशावर?"

"छपराच्या रंगावर."

"छप्पर अजून उभंच नाही."

"उभं राहिल्यावर मला तो आवडणार नाही. बाकाची उंचीही चुकणार आहे. खानभाईंच्याही हरकती आहेत, पुष्कळ आहेत. मंजुरीनंतर हरकती आल्या तर तुमच्यात काय करतात?"

काका विचारात पडले. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला. "काम झाल्यावरही तक्रार आली तर ऐकून घ्यावीच लागते. सुनावणी टाळता येत नाही." ते उठले, चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच सही ठोकली. "पण हरकत लेखी लागेल हं!"

छप्पर जानेवारीत उभं राहिलं. त्या दिवसांत दुबईत ऊन हवंहवंसं वाटतं, त्यामुळे झाडून सगळे छपराबाहेर उन्हात उभे! मी काकांना चिडवलं, तर म्हणाले, "मे येऊ द्या, मग बघू." शनिवार चालूच राहिले. खानभाईंची हरकत होती की सावली सकाळी भलतीकडे पडते. बिजूची होती की बाकावर मांजर झोपतं. मांजर लाभार्थी होऊ शकतं का, यावर दोन सभा गेल्या. माझ्या खुर्च्या अजून तिकडेच आहेत.

या एप्रिलमध्ये पुन्हा हापूसची पेटी आली. पुन्हा आम्ही हात धुऊन बसलो, पुन्हा मसुदा वाचला गेला. नवऱ्याला अर्धा, खानभाईंना दोन. शेवटी काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "हरकती? सूचना?" आणि उत्तराची वाट न बघता सुरी उचलली.

"आजोबा, वेट," रिया उभी राहिली. सगळे शनिवार ती कोपऱ्यात टॅबवर मान घालून बसलेली असायची, ऐकत असेल असं कोणाला वाटलंही नव्हतं. "माझी हरकत आहे. तुमचं नाव नाही लिस्टमध्ये."

"बाळ, वाटप करणाऱ्याने..."

"आय नो. बट यू लाइक मँगोज. इट्स नॉट मागणी." ती अडखळली, शब्द शोधला. "गरज आहे."

काकांनी आमच्याकडे पाहिलं. खानभाईंनी आपल्यातला एक आंबा उचलून काकांच्या पुढ्यात ठेवला.

"हरकत मान्य," काका म्हणाले, आणि आमच्यात येऊन माझ्या घडीच्या खुर्चीवर बसले.