आधी दुरुस्ती, मग बिघाड

इतिहास कुणाचीही बाजू घेत नाही. तो फक्त तारखेप्रमाणे लावावा लागतो. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत कुणी प्रोग्राममधला स्वल्पविराम जरी हलवला, तरी नाव आणि तारीख घालून त्याची नोंद होते. तारीख कशी लिहावी, याबाबत मात्र पूर्ण लोकशाही आहे. निम्मे लोक आधी दिवस लिहितात, निम्मे आधी महिना. (उरलेले "काल" लिहितात.)

चार मार्चला साहेबांच्या मेहुण्यांनी बिलांचा प्रोग्राम बिघडवला आणि आधी महिना लिहून ३/४ अशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी ताईंनी तो निस्तरला आणि आधी दिवस लिहून ५/३ अशी नोंद केली. (ताई वयाने मोठ्या नाहीत. पण ज्याच्या गळ्यात दुसऱ्याची घाण काढायचं काम पडतं, त्याला आमच्याकडे आदराने हाक मारतात.)

मे महिन्यात गिऱ्हाइकाने जाब विचारला आणि चौकशी समिती बसली. समितीने सगळा इतिहास आधी दिवस धरून वाचला. दुरुस्ती पाच मार्चची, बिघाड तीन एप्रिलचा. आधी औषध, मग आजार. म्हणजे आजार औषधानेच झाला. सत्तर टक्के सदस्यांना हे लगेच पटलं, उरलेल्यांना चहा आल्यावर.

"अहो साहेब, बिघाड मार्चातच झाला होता!" ताई म्हणाल्या. "तुम्हीच फोन केलात ना, 'ताई, काहीही करा, पण वाचवा' म्हणून?"

"मला चांगलं आठवतंय," साहेब म्हणाले. (केवढा हा मनाचा मोठेपणा!) "पण नोंदीत तसं नाही ना. मी तरी काय करणार?"

ताईंची नोकरी जाणार, हे ठरलं. अडचण एकच होती. बिघाड मार्चात झाल्याचं सगळ्या ऑफिसला आठवत होतं. आता नोंद बदलणं म्हणजे इतिहासाशी खेळ, आणि ते आमच्या तत्त्वात बसत नाही. म्हणून आठवण दुरुस्त करायचं ठरलं. "बिघाड एप्रिलमध्येच झाल्याचे मला स्पष्ट स्मरते" असा कागद टेबलाटेबलावरून फिरला. शंभर टक्के सह्या झाल्या. मीही केली, आणि मग ताईंचं सामान उचलून त्यांना रिक्षापर्यंत सोडून आलो. फार वाईट वाटलं हो. दुपारी जेवण गेलं नाही.

तुम्हालाही आमचा राग आला असेल. येणारच. असा कागद तुमच्या टेबलावर आला तेव्हा तुम्ही काय केलंत, ते मी विचारत नाही. तुमची नोकरी शाबूत आहे, त्यावरून समजलं.