सोळापट चिमटा

जावयाची मुलाखत अकरा वाजता होती, आणि साडेनऊला त्याची एकुलती एक बरी पँट दोरीवरून खाली यायला तयार नव्हती.

सासरे तीस वर्षं स्प्रिंगच्या कारखान्यात तार वळून निवृत्त झालेले. सारी गल्ली त्यांना वेटोळेकाका म्हणायची. मागच्या आठवड्यात वाऱ्याने सासूबाईंची उशीची खोळ उडवली, ती थेट समोरच्यांच्या कुत्र्याच्या तोंडी. काकांनी बाजारातले चिमटे तडक फेकून दिले आणि दुप्पट जाड तारेच्या स्प्रिंगा वळून स्वतः नवे बनवले. तार दुप्पट, म्हणजे जोर दुप्पट, असा त्यांचा सरळ अंदाज. पण तार दुप्पट जाड झाली की स्प्रिंगचा जोर सोळापट होतो. हे कारखान्यातल्या इंजिनिअरांना ठाऊक होतं. तार वळणाऱ्याला कोण सांगतो? काकांनी ते चिमटे हातभर लांबीच्या पकडीने उघडून लावले होते, आणि ती पकड आज सकाळीच शेजारचा प्लंबर घेऊन गेला होता.

"बाबा, हा उघडत का नाही?"

"समजून घ्या, जावईबापू. मधे तारेचे वेढे, त्याला दोन पाय. शेपट्या दाबल्या की वेढ्यांना पीळ बसतो. सोडल्या की तो पीळ सुटू बघतो आणि तोंड मिटतं. हीच करामत उंदराच्या सापळ्यात, दाराच्या हँडलमध्ये, दुकानाच्या शटर..."

"बाबा, पँट!"

"तेच सांगतोय. पँट पिळाच्या ताब्यात आहे."

जावयाने डोळे मिटले. जुनी नोकरी गेल्यापासून सहा महिने तो सासुरवाडीत राहून जेवताना, झोपताना, दाढी करताना स्प्रिंग ऐकत होता. आजची जागा बिजागऱ्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपरची होती. कारखाना परगावी, आणि राहायला कंपनीची खोली! पगाराचा आकडा त्याने विचारलाही नव्हता.

सासूबाईंनी चिमट्याच्या फटीत चमचा घातला. चमचा वाकला. सासरे-जावई दोघांनी मिळून शेपट्या दाबल्या. दोघांचे चेहरे लाल झाले, चिमटा तसाच.

"अहो, हे चिमटे बनवलेत की मगरी?"

"माल पक्का आहे, एवढं तरी कबूल कर!"

शेवटी लेक कात्री घेऊन आली आणि तिने दोरीच दोन्हीकडून कापली. "दोरी उद्या आणू. मुलाखत आज आहे."

कमरेला दोन चिमटे, त्यांत अडकलेला दोरीचा तुकडा आणि वरून बाहेर सोडलेला शर्ट, अशा थाटात जावई मॅनेजरसमोर बसला. खुर्चीला टेकला की खट्ट वाजायचं.

"पाठीला काही झालंय का?" मॅनेजरने विचारलं.

जावयाने खरं ते सांगून टाकलं. मॅनेजर उठून मागे आला. कारखान्याच्या स्प्रिंगवाल्या बिजागऱ्यांची दारं आपोआप मिटायची सोडून अर्ध्यावरच थांबतात, अशा तक्रारी रोज येत होत्या.

"हात लावू नका, साहेब!"

"अहो, साधा चिमटा तर आहे," असं म्हणत मॅनेजरने फटीत बोट घालून पाहिलं.

दोन फिटर पहारी घेऊन येईपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात उरलेली मुलाखत उरकली. इतक्या जवळून मुलाखत आजवर कोणाची झाली नसेल.

"स्प्रिंग वळली कोणी?" सुटलेलं बोट चोखत मॅनेजरने विचारलं.

"सासऱ्यांनी," जावई म्हणाला. तिथेच तो चुकला.

चौथ्या दिवशी पत्र आलं. नोकरी मिळाली, खोलीसुद्धा! जावई खुर्चीवर चढून नाचला. खाली उतरल्यावर त्याला पाकिटात दुसरा कागद दिसला. तो काकांच्या नावे होता: स्प्रिंग विभागात सल्लागार म्हणून ताबडतोब रुजू व्हावे. तळाला बारीक अक्षरांत एक ओळ होती: सध्या खोली एकच शिल्लक असल्याने दोघांनी मिळून वापरावी.

"घाबरू नका, जावईबापू," काका ट्रंकेत तारेची भेंडोळी भरत म्हणाले, "आता संध्याकाळी निवांत बोलता येईल. शटरचं राहिलंच होतं."

सासूबाई केव्हाच बाजारात गेल्या होत्या. डझनभर पुचाट चिमटे आणायला.